मेस्तांचं मत

कॉन्स्टान्सियो फर्नांडिस यांना वेंगुर्ल्यात नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना मेस्त, म्हणजे मास्तर, म्हणत. चर्चच्या गायकांना तयार करायचं, मिसेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी व्हायोलिन वाजवायचं आणि गावातल्या मुलांना सूर शिकवायचा, यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. हात धरून शिकवताना ते ना हिंदूचा मुलगा बघत ना किरिस्तावाचा. चुकला की व्हायोलिनच्या धनुकलीची टोकदार बाजू दोघांच्याही बोटांवर सारखीच बसे.

त्यांचं ऐकू येणं कमी झालं ते हळूहळू. आधी उजव्या कानात सारखी भुणभुण सुरू झाली. मग एका रविवारी गाणाऱ्या बायकांची तोंडं हलताना दिसली, पण त्यांचा वरचा सूर मेस्तांपर्यंत पोचलाच नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शीर सुकत चालली आहे, यावर इलाज नाही. त्याच सुमारास चर्चमधून लॅटिन मिसा गेली आणि लोकांच्या भाषेतली आली. मेस्तांनी ती सबब धरली. "ल्याटिन गेलां, मगे मेस्त कित्याक व्हयो?" असं म्हणून त्यांनी काम सोडलं. म्हातारा हट्टी आहे, असं गावाला वाटलं. पाद्रींनाही तसंच वाटलं.

खरं काय ते फक्त लिंडाला ठाऊक होतं. लिंडा त्यांची थोरली मुलगी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आई कोन्सेसांव वारल्यापासून घर तिच्याच अंगावर होतं. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने, सावकाश बोललं तर वडलांना शब्द कळत. बाकी ते ओठांवरून ओळखून वेळ मारून नेत. संगीत मात्र पार गेलं होतं. व्हायोलिन वाजवलं तरी त्यांना हनुवटीखाली नुसतं लाकूड थरथरल्यासारखं लागे. म्हणून त्यांनी ते पेटीत घालून माळ्यावर टाकलं होतं.

"जासिंताक सांगू नको," त्यांनी लिंडाला बजावलं होतं.

"कित्याक? झील तुमचो तो."

"दर नाताळाक येता नि नवीन काय केलां तां माका वाजवून दाखयता. मी काय म्हणतंय तेच्यार तेचां वरीस जाता. माजे कान गेले म्हणान कळलां तर तो थंय कोणासाठी वाजयतलो?"

लिंडाला हे पटलं नव्हतं. पण वडलांनी तिच्याकडून शब्द घेतला होता.

जासिंत हा मेस्तांचा धाकटा मुलगा. मुंबईत आधी हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवत होता. मग त्याने आणखी तिघांना घेऊन स्वतःचा बँड काढला, विजेच्या गिटारी आणि ड्रमचा. नाव ठेवलं 'लाइटहाऊस फोर'. वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या बत्तीची आठवण म्हणून हे नाव त्यानेच सुचवलं होतं. गावात त्या चौघांना बत्तीवाले म्हणत. त्यांची पहिली रेकॉर्ड नाचाच्या गाण्यांची होती. ती गावाला फारच आवडली. दोन वर्षं एकही किरिस्तावी लग्न तिच्याशिवाय लागलं नाही.

सदुसष्ट सालच्या नाताळला जासिंत दुसरी रेकॉर्ड घेऊन आला. बरोबर बॅटरीवर चालणारं लहान रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही आणलं. बोटीतून उतरल्यापासून तो नीट जेवत नव्हता की एका जागी बसत नव्हता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने यंत्र पडवीत स्टुलावर मांडलं. शेजारपाजारचे जमले. दशावतारी कंपनीत पखवाज वाजवणारा हरिश्चंद्र आला. तो मेस्तांचा जुना दोस्त, तालावरून त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत आलेला. बंदरावर चहाचं दुकान चालवणारा सत्यवान आला. काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी शेजारची सुभद्रा पायरीवर टेकली. पाद्रीही नाताळचा गोड दोदोल खायला म्हणून आले होते, ते खुर्चीत बसले.

"पापा, ही पयल्यासारखी नाय," जासिंत वडलांसमोर येऊन म्हणाला. "नाचाची नाय. आमी वेगळां कायतरी करून बगलां."

नाचाची नाही, एवढं मेस्तांना ओठांवरून कळलं. त्यांनी मान हलवली आणि आपली खुर्ची यंत्राच्या अगदी जवळ ओढून घेतली.

रेकॉर्ड फिरू लागली. मेस्तांना दूरवर एखादी लाँच चालू असावी तशी घरघर जाणवली, बाकी काही नाही. म्हणून ते नेहमीप्रमाणे लोकांचे चेहरे वाचू लागले. सत्यवान आधी मान डोलवू लागला, मग त्याची मान मध्येच थांबली, मग त्याने तोंडावर पंचा धरून हसू दाबलं. पाद्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुभद्राने एक तळहात कानावर ठेवला. हरिश्चंद्राची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, ती अडखळली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडखळली. मेस्तांचं मन त्या बोटांवर खिळलं. ताल चुकतोय, त्यांनी ठरवलं. पोरं घाई करताहेत. लहानपणापासून जासिंतची एकच खोड होती, तो पुढे पळायचा. हजारदा सांगूनही पळायचा.

बाजू बदलली. शेवटी शेवटी सगळे अगदी गप्प झाले. लिंडा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली आणि तिचे डोळे भरून आले. मेस्तांनी ते पाहिलं. भावाची लाज वाटून ती रडते आहे, असा त्यांचा समज झाला.

सुई उचलली गेली. जासिंतने दुसऱ्या कुणाकडेही बघितलं नाही. तो वडलांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"कसां वाटलां, पापा? शेवटचां?"

सगळे मेस्तांकडे बघू लागले. मेस्तांनी हनुवटी चोळली. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि खोटं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"घाई करतंस," ते म्हणाले. "अजून घाई करतंस तू. शेवटाक तर खूबच."

सत्यवानाला वाटलं मेस्त थट्टा करताहेत. तो मोठ्याने हसला. जासिंत हसला नाही. तो वडलांच्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "व्हय," आणि उठला.

"पयली बरी होती रे," सत्यवान म्हणाला. "ती लाव मरे. सण आसा."

जासिंतने निमूटपणे पहिली रेकॉर्ड लावली. पडवीत पुन्हा जीव आला. सत्यवान तर अंगणात उतरून नाचला. मेस्तांनी सगळ्यांना हसताना पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं.

जासिंत सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या फेस्तापर्यंत राहणार होता. पण मुंबईला जाणारी पुढची बोट लागली तशी तो निघाला. नवी रेकॉर्ड आणि यंत्र त्याने घरीच ठेवलं. लिंडा त्याला पोचवायला धक्क्यावर गेली. बोट लांब खोल पाण्यात उभी होती आणि माणसं पडावात चढत होती.

"पापांनी ऐकूकच नाय गो," जासिंत म्हणाला. "थंय बसले, पण ऐकूक नाय. नायतर ते असां म्हणाचे नाय. तेंका माजां तोंड बंद कराचां होतां, दुसरां काय नाय."

"तसां नाय रे," लिंडा म्हणाली.

"मगे कसां?"

लिंडाच्या तोंडाशी आलं होतं. पण वडलांना दिलेला शब्द आडवा आला, आणि पडाववाला ओरडत होता.  जासिंत बॅग खांद्यावर टाकून पडावात उतरला.

घरी परतल्यावर लिंडाने चपलाही काढल्या नाहीत. ती थेट वडलांच्या डाव्या कानाशी गेली.

"पापा, तुमी काय बोललास तां तुमका म्हायत आसा?"

"काय बोललंय? घाई करता म्हणालंय. करताच तो."

"शेवटाक काय होतां तां सांगतंय, ऐका. तुमचो पाठ होतो. तुमी सगळ्या पोरांका पयलो शिकवतास तो, लांब धनुकलीचो. एकट्या व्हायोलिनार वाजयल्यान. इतको सावकाश की एक सूर पुरतो मरासर दुसरो येणा नाय. मी ट्रे धरून उबी रवलंय, माका श्वास घेवचो सुदीक धीर होयना. तुमच्यासाठी केल्लां तेणां तां. आणि तुमी तेका म्हणालास घाई करतंस."

मेस्तांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसून राहिले. दुपारी त्यांनी पेज तशीच ठेवली.

संध्याकाळी त्यांनी लिंडाला हाक मारली. "शेवटचां कळलां. बाकीचां काय होतां?"

"माका नाय सांगूक येवचां पापा. असलां मी कदी ऐकूकच नाय. आवडलां काय नाय तां पण माका सांगूक येणा नाय."

"मगे मी सगळ्यांका इचारतंय. ऐकणारे आसत ना."

"मी जासिंताक कागद लिवतंय. एका कागदान काम होतलां."

"कागद नको. तोंडान खोटां बोललंय, तोंडानच खरां सांगूक व्हया. तुज्या शाळेक सुट्टी पडली की जाव या. पण जावन 'बरां होतां' म्हणालंय तर तो माका काय काय बरां होतां म्हणान इचारतलो. तेवा माका म्हायती व्हया."

पण विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट आपल्या तोंडाने सांगत दारोदार फिरायचं होतं. मेस्त काही दिवस घराबाहेरच पडले नाहीत. मग एका सकाळी कोट घालून हरिश्चंद्राकडे गेले.

हरिश्चंद्र रात्रीचा खेळ करून आला होता आणि ओट्यावर पखवाजाच्या वाद्या आवळत बसला होता.

"हरिश्चंद्रा, माका ऐकाक येणा नाय," मेस्त उभ्या उभ्याच म्हणाले. "तीन वरसां झाली."

हरिश्चंद्राचे हात थांबले. "म्हंजे, मेस्तानू, गेल्या शिमग्याक आमी तालाचां भांडलंव तेवा?"

"तेवा तुजां तोंड बगून भांडलंय."

हरिश्चंद्राला हसावं की काय करावं ते कळेना. त्याने मेस्तांना हाताला धरून शेजारी बसवलं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तो बोलू लागला, आणि मेस्त डोळे मिटून ऐकू लागले.

"खरां सांगू? माका रागच इलो. ताल चालता, तुमी तेच्याबरोबर चालतास, आता सम येतली म्हणान हात उचलतास, आणि ती येणाच नाय. दुसरी कडेन येता. पयल्यांदा म्हणालंय पोरगो चुकलो. पण परत तसांच, तेच जाग्यार. म्हंजे जाणून केल्लां. रात्री खेळाक बसलंय तरी माज्या डोक्यात तांच. दोनदा माजी सम गेली, राजा झाल्लो माणूस माज्याकडे डोळे वटारून बगूक लागलो."

"बरां की वायट, तां सांग."

हरिश्चंद्राने वादी पुन्हा हातात घेतली. "माका परत ऐकाचां आसा," तो म्हणाला. "बरां की वायट तां मगे सांगतंय."

सत्यवानाकडे जाणं जास्त जड गेलं. दुकानात गिऱ्हाइकं होती आणि सत्यवानाला हळू बोलता येत नसे. मेस्तांनी कानावर हात ठेवून खूण केली तेव्हा त्याला आधी काही समजलं नाही, आणि समजल्यावर तो गांगरून इतक्या मोठ्याने ओरडला की बाहेर जाळी सुकवणाऱ्या माणसांनीही वळून बघितलं.

"माका नाय आवडली, मेस्तानू! डोक्यात कळ इली माज्या! गिटार अशी किंचाळता जशी काय मांजरेच्या शेपटेर पाय दिल्लो. तेच्यात मधीच रापणीचां जाळां ओढणाऱ्यांची हाळी! ती कित्याक? ती आमी रोज फुकट ऐकतंव! पयली रेकॉर्ड बरी होती. तेका सांगा, सत्यवान म्हणाक लागलो, नाचाचीच कर."

दुकानात कुणीतरी हसलं. मग मेस्त बहिरे झालेत हे त्या हसणाऱ्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बघून चहा पिऊ लागला. दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणारी माणसं मेस्तांशी ओरडून बोलू लागली, किंवा बोलायचं टाळून नुसता हात हलवू लागली. मेस्तांनी दोन्ही सोसलं.

पाद्रींनी त्यांना आधी रागे भरलं. "मला तरी सांगायचं होतं, मेस्त. तुम्ही लॅटिनसाठी रुसलात म्हणून मी तीन वर्षं तुमच्यावर मनात राग धरला."

"तां माजां पाप, फादर. रेकॉर्डीचां सांगा."

पाद्री शब्द मोजून बोलले. ड्रमच्या गोंगाटात जुनी लॅटिन प्रार्थना घालणं त्यांना पटलं नव्हतं. देवाचे शब्द म्हणजे खेळणं नव्हे. ते तिथून उठून जाणार होते. "पण सूर शुद्ध होते," ते म्हणाले. "इतके शुद्ध की माझ्या आताच्या गायकांना जमणार नाहीत. ते कुणी शिकवले ते मला ठाऊक आहे. म्हणून बसून राहिलो."

सुभद्राला विचारायचं मेस्तांच्या मनात नव्हतं. ती कामावरून येताना स्वतःच कुंपणापाशी थांबली. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "सगळ्यांका इचारलास, माका नाय इचारूक?"

मेस्तांनी कान पुढे केला.

"माका गाण्यातला काय कळणा नाय," ती म्हणाली. "पण आमच्या कारखान्यात बिये भाजतत थंय दिवसभर असोच आवाज. खडखड, फटफट. बोललेला कळणा नाय. आणि भोंगो झालो की एकदम सगळा बंद. तेवा कान कसे होतत सांगू? रिकामे. कोण काय बोलणा नाय थोडो वेळ. तुमच्या झिलाच्या रेकॉर्डीत मधी तसा होता. खूब आवाज, आणि एकदम बंद. तो बंद माका आवडलो. माका वाटला, ह्येका कसा म्हायत?"

मेस्तांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. घरात आल्यावर ते लिंडाला म्हणाले, "वायट नाय ती रेकॉर्ड. वायट रेकॉर्डीचां लोक इतकां बोलणत नाय."

मे महिन्यात, पावसासाठी बोटी बंद व्हायच्या आधी, बापलेक मुंबईला गेले. धोबीतलावाजवळ गावच्या किरिस्तावांची कूड होती. बोटीवर नोकरी करणारे आणि नोकरी शोधणारे पुरुष तिथे एका मोठ्या खोलीत राहत. भिंतीच्या कडेने त्यांच्या पेट्या मांडलेल्या असत, मधोमध देव्हारा. जासिंत आपल्या पेटीवर बसून बूट पुसत होता. त्याने केस अगदी बारीक कापले होते. वडलांना दारात बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

मेस्त त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखे हात बाजूला सोडून बोलू लागले. आपले कान गेले आहेत. तीन वर्षं झाली. नाताळला आपण काहीही ऐकलं नव्हतं. तोंडं बघून बोललो. मग त्यांनी हरिश्चंद्राची येता येता न येणारी सम सांगितली. सत्यवानाची मांजरही सांगितली. पाद्रींचा राग आणि शुद्ध सूर सांगितले, सुभद्राचा भोंगा सांगितला. आवाज किती वर गेला आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. खोलीतले सगळे आपापली कामं सोडून ऐकत होते.

"आणि शेवटचां लिंडान सांगितल्यान," ते म्हणाले. "माजो पाठ. तो इतको सावकाश मी सुदीक कदी वाजवूक नाय."

जासिंतने लिंडाकडे बघितलं. "तुका म्हायत होतां? धक्क्यार?"

लिंडाने मान खाली घातली.

"तीन वरसां," जासिंत म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तीन वरसां मी येतंय, वाजयतंय, तुमी मान हलयतास, आणि मी हंय येवन त्या तिघांका सांगतंय, पापा असां म्हणाले, पापांका ह्यां आवडलां! कोणासाठी केलंय मी तां सगळां?" तो कानाशी बोलत नव्हता, म्हणून मेस्तांना शब्द लागले नाहीत. पण ओठ थरथरत होते ते दिसलं, आणि तेवढं पुरे होतं.

थोड्या वेळाने जासिंत पेटीवर बसला आणि त्याने वडलांना शेजारी बसवून घेतलं. आता तो त्यांच्या डाव्या कानाशी बोलू लागला. बँड मोडला होता. रेकॉर्ड खपली नव्हती. कंपनीला पुन्हा नाचाचीच गाणी हवी होती. ड्रमवाला आणि दुसरा गिटारवाला एका हॉटेलात लागले. जासिंतने गिटार विकली आणि परदेशी जाणाऱ्या बोटीवर खानसाम्याच्या हाताखाली नोकरी धरली. बोट येत्या आठवड्यात सुटणार होती.

"माज्या बोलण्यान मोडलंस?" मेस्तांनी विचारलं.

 "नाय," जासिंत म्हणाला. "मोडाचांच होतां. पण तुमी बरां म्हणालास असतास, तर मी आणखी वरीसभर धरून रवलंय असतंय."

मेस्तांनी हे ऐकलं आणि मान हलवली. त्याने खोटं सांगितलं नाही, याचं त्यांना कुठेतरी बरंही वाटलं.

"सगळ्यांका इचारलंय," ते म्हणाले. "एकट्याक इचारूचां रवलां. तुका कशी वाटली ती?"

जासिंतने मान वर केली. रेकॉर्ड निघाल्यापासून हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, ना बँडमधल्या तिघांनी, ना कंपनीच्या लोकांनी.

"माका बरी वाटली, पापा," तो कानाशी म्हणाला. "अजून बरी वाटता."

"मगे ती बरी आसा," मेस्त म्हणाले. "माजां मत तांच."

बोट सुटली तेव्हा लिंडा आणि मेस्त गोदीच्या दरवाजापर्यंत गेले होते. आत सोडलं नाही. जासिंतने दरवाजापाशी वडलांचा हात हातात घेतला, त्यांच्या बोटांवर ओठ टेकले आणि तो आत गेला.

पुढच्या वर्षी श्रावणात मेस्तांना ताप भरला आणि तो उतरलाच नाही. पाऊस इतका होता की घाटाचा रस्ता दोनदा बंद झाला, बेळगावचे डॉक्टर वेळेवर पोचले नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यांना डाव्या कानानेही ऐकू येत नव्हतं. लिंडा त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढी. त्यांनी एकदाच विचारलं, जासिंत कुठे आहे. तिने हातावर लिहिलं, दर्यात. त्यांनी डोळे मिटले. दफनाच्या वेळी हरिश्चंद्र आणि सत्यवान दोघे पेटीला खांदा द्यायला पुढे झाले, आणि पाद्रींनी कुणालाही न विचारता जुनी लॅटिन प्रार्थना म्हटली.

जासिंतला बातमी परदेशी बंदरात कळली. त्याला येता आलं ते पुढच्या चैत्रात. तोपर्यंत कबरीवरची माती बसून तिच्यावर गवत उगवलं होतं. तो घरी आल्याचं कळताच माणसं भेटायला येऊ लागली. आधी मेस्तांचं बोलणं होई, मग हळूच विषय रेकॉर्डवर येई, कारण म्हातारा त्यासाठी कसा दारोदार फिरला ते प्रत्येकाला सांगायचं होतं. हरिश्चंद्र म्हणाला की लिंडाने त्याला ती तीनदा लावून दाखवली, आणि तिसऱ्या वेळी त्याला सम सापडली. ती कुठे येते हे तो गुडघ्यावर थाप मारून जासिंतला दाखवू लागला. जासिंतने मान हलवली. ती तिथेच होती.

सत्यवान शेवटी आला. तो पडवीत टेकला.

"बापूस तुजो माज्या दुकानात इलो," तो म्हणाला, "आणि मी तेका सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलंय. माका नंतर खूब वायट वाटलां. पण रे, आवडूक नाय ती नायच. आता पण आवडणा नाय. खोटां कसां सांगू?"

जासिंतला हसू आलं. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. मग हसता हसताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याला रडू कोसळलं. सत्यवान घाबरून लिंडाला हाक मारायला उठला, पण जासिंतने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

रजा होती तोवर जासिंतने घराची फुटकी कौलं बदलली, विहिरीचा रहाट दुरुस्त केला. एकदा लिंडाने त्याला विचारलं, "परत वाजयतलंस काय रे कदी?"

"नाय गो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बोटीर जागा नाय, येळ नाय. आणि वाजयलंय तरी दाखवू कोणाक?"

लिंडा म्हणाली, "माका दाखव."

तो शिडीवर चढून उरलेली कौलं लावत राहिला. आठवड्याने त्याची बोट होती, आणि पाऊस लवकर येईल असं सगळे म्हणत होते.